बिऱ्हाड परदेशी हलवताना: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक जर्मनीबद्दलची होती, म्हणून हा अंक त्याच देशापुरता ठेवला आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

वाळूजच्या कारखान्यात मी उत्पादन अभियंता आहे. श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीनं वर्षाला ५४,००० युरोंचं नियुक्तिपत्र दिलंय, १ नोव्हेंबरला रुजू व्हायचंय. घरात पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा कारवानी कुत्रा. त्याला रेबीजची लस दरवर्षी देतो, चिप मात्र नाही. जुलै चालू आहे. सगळे एकदमच निघालो तर? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

एकदम निघणं जमणार नाही, आणि अडचण कुत्र्याची आहे. व्हिसाची तारीख मागेपुढे होते, शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. कुत्र्याच्या नियमांतले दिवस मात्र कुणालाच कमी करता येत नाहीत. म्हणून सगळं वेळापत्रक त्याच्यापासून उलटं मोजा.

युरोपीय संघाच्या यादीत भारत रेबीजसाठी सवलत मिळालेला देश नाही. त्यामुळे क्रम असा: आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून पुढे ३ महिने थांबणं. नमुना युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासला जावा लागतो आणि प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त यावं लागतं. चिप बसण्याआधी दिलेली लस कागदोपत्री धरली जात नाही. तुमच्याकडच्या चारही वर्षांच्या नोंदी त्यामुळे इथे उपयोगी नाहीत. शरीराला मात्र त्या लशींची आठवण असते, म्हणून दरवर्षी लस घेतलेला कुत्रा ही चाचणी सहसा पार करतो. पहिल्यांदाच लस घेतलेली पिल्लं जास्त नापास होतात, आणि नापास झालं की पुन्हा लस, पुन्हा नमुना, पुन्हा ३ महिने.

समजा १५ जुलैला चिप बसवून त्याच दिवशी लस दिली. नमुना लवकरात लवकर १४ ऑगस्टला निघेल, म्हणजे १४ नोव्हेंबरच्या आधी कुत्रा जर्मनीत उतरू शकत नाही. डॉक्टरांनी लस टोचण्याआधी चिप-वाचक यंत्र फिरवून क्रमांक येतो का ते बघायला सांगा, आणि तोच क्रमांक लसीकरणाच्या पुस्तिकेत, रक्ताच्या अर्जावर आणि अहवालावर अंक न अंक जुळतो का ते स्वतः तपासा. एका अंकाच्या चुकीनं अख्खी फाईल बाद होते. पुढची लस एक दिवस जरी उशिरा झाली तरी केलेली रक्तचाचणी रद्द धरतात. लस वेळेवर चालू राहिली तर तीच चाचणी पुढेही चालते.

आता या नियमाची गाठ कुटुंबाच्या प्रवासाशी पडते ती अशी. घरचं जनावर म्हणून सोप्या नियमांनी न्यायचं असेल तर मालकाचा प्रवास कुत्र्याच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर ५ दिवसांत व्हावा लागतो. तुम्ही ऑक्टोबरअखेर गेलात आणि कुत्रा तुमच्या नावावर राहिला, तर नोव्हेंबरच्या शेवटी त्याचं येणं व्यापारी वाहतुकीत मोडेल आणि कागद दुप्पट होतील. म्हणून पुस्तिका, चिपची नोंद आणि चाचणीचा अर्ज पहिल्या दिवसापासून पत्नीच्या नावानं करा. तुम्ही पुढे जा, घर बघा. पत्नी, मुलगी आणि कुत्रा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एकत्र निघतील.

निघताना मुंबईच्या पशु विलगीकरण व प्रमाणन कार्यालयाचं निर्यात प्रमाणपत्र आणि युरोपीय संघाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्यावर सरकारी पशुवैद्यकाची सही-शिक्का हवा, ते पोचण्याआधी १० दिवसांच्या आतलं असावं आणि जिथे उतरणार त्या देशाच्या भाषेतही असावं. काही एजंट जंताच्या औषधाचा दाखलाही सक्तीचा सांगतात. युरोपीय संघात ती अट फिनलंड, आयर्लंड, माल्टा अशा मोजक्या देशांची आहे, जर्मनीची नाही.

पिंजऱ्याचं माप आजच काढा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीत पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवला की पिंजऱ्याची लांबी, खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ती रुंदी, आणि उभ्या कुत्र्याच्या कानाच्या टोकापर्यंतची ती उंची. कारवानी उंच आणि लांब पायांचा, त्यामुळे पिंजरा मोठा होतो आणि भाडं बहुधा वजनापेक्षा आकारमानावर लागतं. पिंजरा दोन महिने आधी घरात आणून दार उघडं ठेवा, रोजचं जेवण आतच द्या, हळूहळू दार लावायला लागा. गुंगीचं औषध देऊ नका. विमान कंपन्या गुंगीतला कुत्रा घेत नाहीत, आणि या जातीच्या अंगावर चरबी कमी असल्यानं भुलीची औषधं त्यांना जड जातात. नोव्हेंबर प्रवासाला चांगला आहे. हेच एप्रिल-मेमध्ये असतं तर उन्हामुळे कंपन्यांनी नकार देण्याची शक्यता होती.

पगाराचं बघू. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यासाठी, २०२५ साली वर्षाला किमान ४८,३०० युरोंच्या पगाराची अट होती, अभियंत्यांसारख्या टंचाईच्या कामांना ४३,७५९.८०. दर जानेवारीला आकडा वाढतो, पण तुमचा पगार त्याच्या बराच वर आहे. पदवी आनाबिन या जर्मन सूचीत तपासताना कॉलेज नाही, पदवी देणारं विद्यापीठ शोधा. पत्नी आणि मुलगी येईपर्यंत तुमचा कर अविवाहिताच्या वर्गात कापला जाईल, म्हणून पहिल्या एक-दोन महिन्यांच्या पगारावरून पुढचा अंदाज बांधू नका. आरोग्यविमा तुमच्या पगारात सरकारी योजनेचाच असतो, आणि ते बरंच आहे: न कमावणारी पत्नी आणि मूल त्यात जादा हप्त्याशिवाय येतात, खासगी विम्यात प्रत्येकाचा वेगळा हप्ता.

घरासाठी अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते. छापील करारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१३ साली अवैध ठरवली, तरी कुत्रा असलेल्या कुटुंबाऐवजी दुसरा भाडेकरू निवडायला घरमालक मोकळा असतो. कुत्र्याचा फोटो, वय आणि लसीकरण अर्जालाच जोडा, लपवू नका. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत राहण्याची नोंद करायची, कुत्र्याची वेगळी नोंद आणि कर.

मुलीबद्दल काळजीचा मुद्दा चौथीचा आहे. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये चौथीनंतर मुलांची वाट वेगळी होते, आणि गिम्नाझियमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, आता शिक्षकांची शिफारस आणि कोम्पास ४ ही जर्मन-गणिताची चाचणी महत्त्वाची झाली आहे. तुमच्या मुलीकडे भाषेसाठी जेमतेम वर्ष-दीड वर्ष आहे. जुलैपासूनच रोज अर्धा तास जर्मन सुरू करा. आणि गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रांची नोंद असलेलं लसीकरण कार्ड शोधून ठेवा. मार्च २०२० पासून गोवरच्या लशीचा पुरावा तिथल्या शाळेत कायद्यानं लागतो. अंगणवाडीचं कार्ड हरवलं असेल तर आरोग्य केंद्रातून दाखला घ्यायला वेळ जातो.

कागदांत आपल्याकडची एक खास अडचण. जन्मदाखल्यावर औरंगाबाद, नव्या आधारवर छत्रपती संभाजीनगर, असं होतंय, धाराशिवकरांचंही तेच. जुने दाखले बदलायच्या मागे लागू नका. अर्जात सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच लिहा आणि २०२३ च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जोडा. जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा असेल तर तो मात्र आधी भरून घ्या. अपोस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळणाऱ्या शिक्क्यावर, घाईनं पैसे घालू नका: भारत २००५ साली त्या करारात गेला तेव्हा जर्मनीनं हरकत नोंदवली होती, म्हणून भारताचा हा शिक्का तिथे पुरेलच असं नाही. वकिलातीची यादी आधी वाचा.

मुलगा नववीत आहे, नीटची तयारी चालू आहे. नवऱ्याला ब्लू कार्डवर नोकरी मिळतेय. दोन वर्षांनी परत आलो तर एमबीबीएसला अडचण येईल का? – एक वाचक, लातूर

येईल, आणि मोठी. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण व्हावं लागतं. मोजके अपवाद आहेत, खासगी नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांच्या मुलांना ते लागू होत नाहीत. दहावी तिकडे झाली की हा दरवाजा बंद. मग उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा किंवा खासगी महाविद्यालयातला महागडा अनिवासी कोटा. नीटला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही हवेत, आणि गिम्नाझियमच्या शेवटच्या वर्षांत विषय निवडताना ही तिन्ही विज्ञानं एकत्र टिकवणं अवघड असतं.

तिकडेच वैद्यकीय शिकवू म्हणाल, तर त्यासाठी जर्मन शालान्त परीक्षा फार चांगल्या गुणांनी आणि जर्मन भाषेतून द्यावी लागते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी भाषा शून्यातून सुरू करणाऱ्या मुलाकडून ते अपेक्षू नये. इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांची वार्षिक फी अनेक ठिकाणी पंधरा-वीस हजार युरोंच्या घरात जाते.

आमचं मत स्पष्ट आहे: मुलाला डॉक्टर व्हायचंय हे त्याचं स्वतःचं ठरलेलं असेल, तर बारावीपर्यंत तो लातुरातच राहावा आणि आई-वडिलांपैकी एकानं सोबत राहावं. वसतिगृहात ठेवून दोघांनी निघून जाणं आम्ही सुचवणार नाही. नीट हे फक्त घरच्यांनी धरलेलं असेल, तर मात्र आत्ताच सगळ्यांनी जाणं जास्त चांगलं. दहावीनंतर नेणं सर्वांत वाईट, कारण इथला कोटाही जातो आणि तिथली भाषाही येत नाही.

थांबायचं ठरवलंत तर एक तारीख डोक्यात ठेवा. मुलाच्या कुटुंब व्हिसाचा अर्ज त्याच्या १८व्या वाढदिवसाआधी व्हावा लागतो. बारावीचा निकाल लागेपर्यंत बहुतेक मुलं अठराची होतात. त्यानंतर त्याला विद्यार्थी व्हिसाच लागेल आणि त्यासाठी बंदिस्त खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे. नुसत्या बारावीवर तिथल्या विद्यापीठात थेट प्रवेश सहसा मिळत नाही, आधी श्टुडिएनकोलेग नावाचं पूर्वतयारीचं वर्ष करावं लागतं.

मी बीएएमएस आहे, दहा वर्षं दवाखाना चालवते. नवऱ्याबरोबर गेले तर तिथे प्रॅक्टिस करता येईल? – एक वाचक, बीड

डॉक्टर म्हणून नाही. जर्मनीचा वैद्यकीय परवाना तिथल्या वैद्यकीय शिक्षणाशी तुल्य पदवीवरच मिळतो आणि बीएएमएस त्यात धरली जात नाही. हे जाण्याआधी पचवलेलं बरं, कारण ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कामाची पूर्ण मोकळीक असते हे ऐकून बऱ्याच जणींचा समज वेगळा होतो. मोकळीक नोकरी करण्याची आहे, परवाना लागणाऱ्या व्यवसायाची नाही.

तुमच्यासाठी खऱ्या वाटा दोन-तीन. औषध कंपन्यांत वैद्यकीय चाचण्या आणि दुष्परिणामांच्या नोंदींचं काम, जिथे इंग्रजी बरीच चालते. परिचर्येचं तीन वर्षांचं प्रशिक्षण, ज्यात पहिल्या वर्षापासून विद्यावेतन मिळतं. दहा वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर पुन्हा विद्यार्थिनी व्हायची तयारी हवी. तिसरी वाट हाइलप्राक्टिकर, म्हणजे डॉक्टर नसलेला परवानाधारक उपचारक. वय किमान २५, आरोग्य खात्याची जर्मनमधून परीक्षा: लेखीत ६० प्रश्न, ४५ बरोबर यावे लागतात, मग तोंडी. संसर्गजन्य रोगांवर उपचार, डॉक्टरी चिठ्ठीची औषधं लिहून देणं अशा बऱ्याच गोष्टींना त्यात बंदी आहे. आयुर्वेदाची पंचकर्म केंद्रं चालवणारे बरेच जण याच परवान्यावर काम करतात. या सगळ्याला भाषा मुळातून हवी. व्हिसासाठी तुम्हाला जर्मनची अट नसली तरी पुण्याच्या माक्स म्युलर भवन या जर्मन भाषासंस्थेची ए-२ ही प्राथमिक पातळी तरी इथेच करा आणि इथल्या वैद्यक परिषदेकडची नोंदणी चालू ठेवा.

घरी पोपट पाळलाय. लेकरांना त्याच्याशिवाय करमत नाही. सोबत नेता येईल? – एक वाचक, नांदेड

नाही. आपल्याकडचा हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो घरी ठेवणंच गुन्हा आहे. वन विभागाला कळवून सोपवा. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी असाच उडवून दिला तर जगत नाही.

माझ्या नावावर सहा एकर शेत आहे, वडील कसतात. मी गेल्यावर सातबाऱ्यावरचं नाव राहील का? आई-वडिलांना नंतर नेता येईल? – एक वाचक, परभणी

नाव राहतं. अनिवासी भारतीयाला असलेली आणि वारशानं आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. शेजारचा बांध घ्यायचा विचार असेल तर तो वडिलांच्या नावानं करा. पीएम-किसानला अनिवासी पात्र नसतात, तो हप्ता तुमच्या नावानं येत असेल तर स्वतःहून थांबवा, नाहीतर पुढे वसुली निघते. बँकेतलं बचत खातं अनिवासी एनआरओ प्रकारात बदलून घ्या. वडिलांच्या नावानं कुलमुखत्यारपत्र तुम्ही परदेशी निघण्याआधीच दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि त्यात पीकविमा, कर्ज, मोजणी, महावितरण यांचा स्पष्ट उल्लेख करा. तिकडून करायचं झाल्यास भारतीय वकिलातीत साक्षांकन, मग कागद इथे आल्यावर ३ महिन्यांत मुद्रांक, असा फेरा पडतो.

आई-वडिलांना पाहुणे म्हणून १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. कायमचं नेण्याची सोय १ मार्च २०२४ पासून, त्या तारखेनंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांसाठी झाली आहे. अडतं ते आरोग्यविम्यापाशी: वयस्कर माणसाला पूर्ण संरक्षण देणारा विमा दाखवावा लागतो, सरकारी योजना त्यांना सहसा घेत नाही आणि खासगी हप्ता फार जड असतो. विम्याचा लेखी देकार हातात आल्याशिवाय परभणीचं घर आवरायला घेऊ नका.