घर बदलून आठ वर्षं झाली, काही खोकी अजून बांधलेलीच आहेत. न उघडता टाकून द्यावीत का?

नका टाकू. 'वर्षभर ज्याची आठवण आली नाही ते लागतच नाही' हा सल्ला मीही सगळीकडे वाचलाय. ज्यांचे कागद पहिल्यापासून एका कपाटात असतात त्यांना तो चालत असेल. आपल्याकडे शेवटच्या दिवशी टेम्पो खाली उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीशेजारी खरेदीखत जातं.

गिरगावातून डोंबिवलीला आल्यावर आमची खोकीही बरीच वर्षं माळ्यावर होती. नंतर आत्याचं आणि बहिणीचं घर आवरायलाही मी गेलो. तिन्हीकडे एकच गोष्ट दिसली. वस्तू घरात राहते ती प्रेमापोटी कमी आणि ती द्यायची कुणाला हे ठरलेलं नसतं म्हणून जास्त. खोकं उघडून 'ठेवू की टाकू' विचारलं की घरातलं कुणीतरी 'राहू दे सध्या' म्हणणारच. म्हणून आधी घेणारे ठरवा, त्यांना वार सांगा, आणि त्याच्या आदल्या दिवशी खोकी उघडा.

कपड्यांना बोहारीण. तिला पँट, शर्ट, सिंथेटिक साड्या हव्या असतात. विरलेलं सुती ती बाजूला फेकते. ते गोधडीला द्या. जुना शालू किंवा पैठणी मात्र तिच्या गाठोड्यात जाऊ देऊ नका, जरीचा धागा खऱ्या चांदीचा असू शकतो, तो आधी पारखून घ्या. आणि घर रिकामं करायला निघालेल्याने बदल्यात पातेलं घेऊ नये. हे मी आईला सांगून पाहिलंय, तिला ती घासाघीस सोडवत नाही.

तांब्या-पितळेची भांडी भंगारवाल्याला देऊ नका. भांड्यांच्या दुकानात मोडीत घाला, दोन दुकानांत भाव विचारा, आणि तांबं वेगळं तोलायला सांगा, त्याला पितळेपेक्षा जास्त भाव असतो. जुना डबा टीव्हीही भंगारात नको. तांब्याच्या तारेसाठी तो फोडतात आणि शिसं असलेली काच कुठेतरी टाकून देतात. ई-कचरा घेणारे आता बऱ्याच शहरांत आहेत. पुण्यात असाल तर कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेकडे विचारा.

आता कागद. खरा वेळ इथे द्या आणि रद्दीवाल्याला शेवटी बोलवा. खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा खरेदीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ताबापत्र, गावचे सातबारा आणि फेरफार यांतलं काही काढायचं नाही. राहत्या घरात खोली वाढवली असेल तर त्याची बिलंही ठेवा. घर विकताना तो खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो. जुनी वीजबिलं, गॅरंटी संपलेल्या मिक्सरची पत्रकं बिनधास्त जाऊ देत.

जुनं पासबुक सापडलं तर फाडू नका. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण बुडत नाहीत. २०२३ पासून 'उद्गम' पोर्टलवर खातेदाराच्या नावाने शोधता येतं आणि मग त्या बँकेत जाऊन मागता येतात. आजोबांच्या नावाचे कागदी शेअर निघाले तर तेही जपा. १ एप्रिल २०१९ पासून असे शेअर नुसत्या ट्रान्सफर फॉर्मवर सही करून दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, ते डीमॅट करावे लागतात, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात घ्यावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत गेलेले असू शकतात. वारसाला परत मिळतात, पण काम चिवट आहे आणि मूळ सर्टिफिकेट हातात असेल तर थोडं सोपं.

पर्सच्या आतल्या कप्प्यात नोटा निघतात. दोन हजाराची नोट मे २०२३ मध्ये मागे घेतली तरी ती रद्द नाही. रिझर्व्ह बँकेच्या बेलापूर, नागपूरसारख्या कार्यालयांत जमा होते, टपालानेही पाठवता येते. २०१६ च्या नोटबंदीतल्या पाचशे-हजाराच्या नोटांचं मात्र आता काही होणार नाही. २०१७ च्या कायद्याने तशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं दंडाला पात्र आहे, तेव्हा आठवण म्हणून एखादीच राहू दे.

दुसऱ्याच्या वस्तूंबाबत तुम्ही निर्णय घेऊ नका. सासूबाईंची परात, दिराच्या ट्रॉफ्या, नणंदेच्या कॉलेजच्या वह्या असतील तर फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, न्यायला तारीख द्या. आमच्याकडे आत्याच्या पाटा-वरवंट्यावर तिघांनी हक्क सांगितला, उचलायला कुणीच आलं नाही.

पावसाळ्यात हे काढू नका. पुठ्ठ्याला ओल असते, कागद चिकटतात, अल्बममधले फोटो सोलून निघतात. दसऱ्यानंतर ऊन पडलं की सुरू करा, दिवाळीच्या साफसफाईत माणसं तशीही घरात असतात. माळ्यावर परत काही ठेवावंच लागलं तर पुठ्ठ्याऐवजी पत्र्याची पेटी घ्या, आणि आत काय आहे ते बाहेरून मार्करने लिहा. 'इतर सामान' असं लिहायचं नाही.