वाचक विचारतात : प्रभागाची रेघ कोण मारतं?

प्रश्न : भांडुपला आमच्या चाळीचा अर्धा भाग एका प्रभागात, अर्धा शेजारच्या. हरकत दिली, सुनावणीला गेलो, काही फरक पडला नाही. हा नियम बदलता येतो का? कुणी बदलायचा?

उत्तर : बदलता येतो, आणि त्यासाठी दिल्ली गाठायला नको. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुकांचे कायदे आपलं विधिमंडळ करतं. मुंबईसाठी तो १८८८चा महापालिका अधिनियम.

आधी रेघ तुमच्या चाळीत कशी शिरली ते पाहू. प्रभाग रचनेतला सर्वांत लहान तुकडा म्हणजे जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाकडे मोजणीला दिलेली वस्ती. तो फोडायचा नसतो. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख ४२ हजार. तिला प्रभागांच्या संख्येने, म्हणजे २२७ने, भागलं की प्रभागामागे साधारण ५४,८०० येतात; १० टक्के कमी-जास्त चालतं. मोजणी उत्तरेकडून सुरू होते, म्हणून १ नंबर दहिसरला आणि २२७ कुलाब्याला. तुमची चाळ बहुधा दोन गटांत मोजली गेली आणि आकडा जुळवताना एक गट पलीकडे गेला. ‘आमची चाळ तोडली’ एवढंच लिहिलेली हरकत इथेच पडते. पुढच्या वेळी गट क्रमांक, त्याची लोकसंख्या, तो अलीकडे घेतल्यावर दोन्ही प्रभागांचे होणारे आकडे आणि हद्द म्हणून धरायचा नाला किंवा रस्ता, हे सगळं नकाशावर खूण करून द्या. पोहोच घ्या. शंभर सह्यांच्या अर्जापेक्षा अशा एका पानाला उत्तर देणं अधिकाऱ्याला भाग पडतं.

पण खरं दुखणं वेगळं आहे. मार्च २०२२मध्ये कायदा बदलून प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाने स्वतःकडे घेतला. म्हणजे ज्यांचे पक्ष निवडणूक लढवणार, त्यांच्याच हाती पट्टी-पेन्सिल. मुंबईत आधीच्या सरकारने २२७चे २३६ प्रभाग केले, नंतरच्या सरकारने ऑगस्ट २०२२मध्ये पुन्हा २२७. इतर महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग, मग एकाचा, मग तिघांचा, पुन्हा चौघांचा. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांतून, हेही २०१७, २०२० आणि २०२२ असं तीनदा फिरलं. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. मुंबई पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली; मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. ओबीसी आरक्षणाचा खटला हे त्यातलं मोठं कारण होतं, पण रचनेच्या या उलटापालटीनेही वेळ खाल्ला. जवळजवळ चार वर्षं गटाराच्या तक्रारीलाही नगरसेवक नव्हता, याची चीड यायलाच हवी.

न्यायालयात रचनेला आव्हान देणं कठीण, कारण निवडणुकीच्या बाबींत न्यायालयांचा हस्तक्षेप रोखणारं घटनेचं कलम २४३-झेडजी आडवं येतं. म्हणून कायदाच सुधारायला हवा. आमच्या मते दुरुस्ती दोन कलमांची पुरे : रचनेचा अधिकार आयोगाकडे परत द्यावा आणि मुदतीच्या शेवटच्या वर्षात सदस्यसंख्या किंवा प्रभागाची पद्धत बदलू नये. पालिकेची मुदत नुकतीच सुरू झाली आहे, तेव्हा मागणीची वेळ हीच. मसुदा लिहून तुमच्या आमदारांना अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याचं) विधेयक मांडायला सांगा. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, पण चर्चेला आली तर मंत्र्यांना सभागृहात भूमिका मांडावी लागते आणि ती नोंदीत राहते.

प्रश्न : यादीत माझं नाव परळलाही आहे आणि बदलापूरलाही. पालिका निवडणुकीच्या यादीत नावापुढे दोन तारे होते. आयोग असं नाव काढून का टाकत नाही?

उत्तर : कारण यादी त्याची नाही. राज्य आयोग विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांत फोडतो. नाव घालणं-काढणं भारत निवडणूक आयोगाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याचं काम. तारे हा फक्त इशारा, केंद्रावर हमीपत्र घेण्यापुरता.

दुबार नाव बहुतेकदा एकाच चुकीतून येतं : घर बदललं की लोक नमुना ६ भरतात. तो नव्या मतदारासाठी आहे. स्थलांतरासाठी नमुना ८. तुम्ही आता जिथे राहत नाही तिथलं नाव काढायला नमुना ७ भरा आणि पुढची यादी आली की ते खरंच गेलं का ते स्वतः पाहा. केरळ आणि उत्तर प्रदेशात स्थानिक निवडणुकांची यादी राज्य आयोग स्वतः तयार करतो. आपल्या विधिमंडळालाही तसा कायदा करता येईल. खर्च आणि मनुष्यबळ दुप्पट लागेल, तरी यादीतल्या चुकीची जबाबदारी एकाच दारात येईल.

प्रश्न : पालिकेच्या मतदानात व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणारी, चिठ्ठी का दिसली नाही?

उत्तर : लोकसभा-विधानसभेच्या नियमांत ती तरतूद २०१३मध्ये आली. स्थानिक निवडणुकांच्या नियमांत ती नाही. बहुसदस्यीय प्रभागात एक मतदार अनेक मतं देतो, तिथे यंत्राची जुळणी अवघड; पण मुंबईत एका मतदाराला एकच मत असतं. निदान इथून सुरुवात करायला ही अडचण आड येत नाही.