कार्डावर मॅनेजर, पण नोकर नाही

प्रश्न: मी जळगावला एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याचं मार्केटिंग बघतो. नोकरीला नाहीये, दर महिन्याला बिल देऊन फी घेतो, शिवाय एका दालमिलचं आणि एका बियाण्याच्या दुकानाचं मार्केटिंग पण माझ्याकडे आहे. शेठनी मला कार्ड छापून दिलं, त्यावर 'मार्केटिंग मॅनेजर', कंपनीचा ईमेल पण दिला. मागे बऱ्हाणपूरच्या एका डीलरनी फोनवर विचारलं की ६० दिवस उधारी मिळेल का, मी म्हटलं हो, होऊन जाईल. आता शेठ म्हणतात तू कोण ठरवणारा, आणि डीलर म्हणतो तुमच्या मॅनेजरनी शब्द दिलाय, त्या हिशोबानं मी माल उचलला. अजून एक, बोलताना 'आमची कंपनी' म्हणू की 'त्यांची'? 'त्यांची' म्हटलं की समोरचा म्हणतो मग शेठशीच बोलतो, आणि 'आमची' म्हटलं की उद्या शेठच मला नोकर समजतील.

उत्तर: भाऊ, 'आमची' म्हणा, बिनधास्त म्हणा. वकील कोर्टात उभा राहून 'आमचं म्हणणं असं' म्हणतो, म्हणून तो अशिलाच्या पगारावर जात नाही. तुम्ही स्वतंत्र आहात की नाही हे तुमच्या तोंडातल्या शब्दावर ठरत नाही, ते ठरतं तुमचं काम कसं चालतं त्यावर, आणि तुमचं चाललंय तसं, म्हणजे तीन क्लायंट, स्वतःचं बिल, स्वतःची वेळ, यात काही खोट नाही. तुमची अडचण दुसरीच आहे, ती म्हणजे कंपनीच्या वतीनं बोलायचं काम तुम्हाला मिळालं होतं, शब्द द्यायचं मिळालं होतं का हे कोणी कधी ठरवलंच नाही.

आपला करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात एजंटावर अख्खं प्रकरण आहे. एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं तिसऱ्याशी व्यवहार करणारा, तो नोकरच असला पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही. आता तुमच्या भांडणाचं कलम म्हणजे २३७. मालकानं आपल्या बोलण्यानं किंवा वागण्यानं समोरच्याचा असा समज करून दिला असेल की या माणसाला अधिकार आहे, तर एजंटानं अधिकाराबाहेर शब्द दिला तरी मालक त्याला बांधला जाऊ शकतो. आणि समज कशानं झाला? शेठनीच छापलेल्या कार्डावरच्या 'मॅनेजर' या शब्दानं, कंपनीच्या ईमेलनं. डीलरला काय स्वप्न पडणार की मॅनेजर म्हणवणारा माणूस फीवर आहे! म्हणजे डीलरची बाजू अगदीच लंगडी नाही. पण लगेच खुश होऊ नका, कारण शेठना त्यात नुकसान झालं तर ते तुमच्याकडून भरपाई मागू शकतात, अधिकार नसताना शब्द दिला म्हणून. दोन्हीकडून मार खायची जागा आहे ही.

त्यामुळे आत्ताचं आत्ता मिटवा. शेठसमोर बसा, 'एवढा माल ६० दिवसांवर जाऊ द्या, पुढचा नेहमीच्या अटीवर' असं सुचवा, आणि पटलं तर तसा मेल कंपनीकडून, शेठच्या नावानं डीलरला जाऊ द्या. तुमच्या व्हॉट्सॲपवरून नको.

पुढचं मात्र कागदावर घ्या, एक पान पुरे. कोणती रेट लिस्ट तुम्ही दाखवू शकता, सूट कुठपर्यंत तुमच्या हातात, उधारी आणि डिलिव्हरीची तारीख तुमच्या हातात नाही, तक्रार आली तर कोणाकडे द्यायची, एवढं लिहून दोघांच्या सह्या. त्यात एक ओळ ही पण टाका की शेठनी सांगितलेलं काम करताना काही बालंट आलं तर ते कंपनीचं, तसं कलम २२२ मध्ये आहेच पण कागदावर असलं की वाद कमी होतात. कार्डावरचं 'मॅनेजर' काढा, 'मार्केटिंग सल्लागार' करा, आणि मेलच्या खाली कायमची एक ओळ: 'दर, उधारी आणि डिलिव्हरी कंपनीच्या लेखी मंजुरीनंतरच पक्की.' डीलरनी फोनवर गाठलं तर 'होऊन जाईल' हा शब्दच बंद, 'संध्याकाळपर्यंत विचारून मेल करतो' म्हणायची सवय लावा. आपल्याकडे कोणाला नाही म्हणायला जड जातं, विशेषतः समोरच्यानं चहा पाजला असेल तर, आणि उधारीची निम्मी भांडणं तिथंच जन्माला येतात.

पैशाचं तर फारच सांभाळा. डीलर म्हणाला 'भाऊ, ॲडव्हान्स तुमच्याच फोनपेवर टाकतो' तरी घेऊ नका, एकदाही नाही. बिल पण कंपनीच्याच नावानं निघू द्या. जीएसटीत एजंट कोण हे बघताना मालाचं बिल कोणाच्या नावानं फाटतं हेच मुख्य धरतात, २०१८ च्या सर्क्युलरमध्ये तसं स्पष्ट आहे. तुमच्या नावानं चटईचं बिल निघायला लागलं तर सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी न लागण्याची सूट कामाची नाही, नोंदणी पहिल्या रुपयापासून लागेल.

आणि नंबर. डीलरांचे सगळे फोन तुमच्या पर्सनल मोबाईलवर येत असणार. कंपनीच्या नावावर वेगळं सिम मागून घ्या, काम सुटलं की परत करता येतं, नाहीतर दोन वर्षांनी पण लोक तुम्हालाच विचारतील की चटईचा ट्रक कुठं अडकला.

प्रश्न: मी धुळ्याहून एका ठिबकच्या दुकानासाठी इन्स्टाग्राम बघते, त्यांच्या नावानंच कमेंटला उत्तरं देते, पोस्ट लिहिते. आता ते म्हणतात वर्षभर दुसऱ्या ठिबकवाल्याचं काम घ्यायचं नाही आणि सोडल्यावरही दोन वर्षं नाही. शिवाय लिहिलेलं सगळं त्यांचं. हे बरोबर आहे का?

उत्तर: काम चालू असताना दुसऱ्या ठिबकवाल्याला हात लावू नका हे रास्त आहे, एका तोंडानं दोन दुकानांची तारीफ करणं ग्राहकालाही फसवणूक वाटते. पण तेवढी फी वाढवून मागा. सोडल्यानंतरच्या दोन वर्षांची अट मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, व्यवसाय करायला बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. त्यांचे भाव, ग्राहकांची यादी बाहेर न नेणं हे वेगळं, ते पाळायलाच पाहिजे.

लिहिलेल्याचं म्हणाल तर नोकराचं लिखाण मालकाचं होतं, फ्रीलान्सरचं आपोआप होत नाही, हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. फोटोंचं उलट आहे, पैसे देऊन काढून घेतलेला फोटो वेगळं ठरलं नसेल तर पैसे देणाऱ्याचा. हक्क देणार असाल तर 'माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येईल' ही ओळ मागून घ्या.

प्रश्न: भुसावळच्या एका ऑफिसात मी 'कन्सल्टंट' आहे. १० ते ६ बसायचं, सुट्टी विचारून घ्यायची, दुसरं काम घ्यायचं नाही, फीमधून १० टक्के टीडीएस कापतात. मी फ्रीलान्सर ना?

उत्तर: कागदावर असाल, वागण्यात नाही. टीडीएस कोणत्या नावानं कापला यावरून ठरत नाही. १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सौराष्ट्रातल्या मीठ पिकवणाऱ्या आगरियांच्या केसमध्ये बघितलं ते हेच, की मालक फक्त काय करायचं तेच सांगतो का कसं करायचं तेही, आणि त्या आगरियांना कामगार धरलं, ते हाताखाली स्वतःची माणसं लावत होते तरी. तुमच्या हजेरीचे मेसेज, सुट्टीच्या अर्जांची उत्तरं डिलीट करू नका, आणि एकदा कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला दाखवा, नुसत्या सीएला नाही.