व्याजाचं पाप दिसलं, कागदाचं कसं नाही दिसलं?

ठाण्याच्या एका बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी यहुदी समाजातल्या, वाचकांचं पत्र आलंय. वय ६१, कारखान्यातून निवृत्त, घरखर्च महिना ४० हजार. पावणेतीन वर्षांपूर्वी त्यांनी सख्ख्या भाच्याला बेकरीसाठी १२ लाख रुपये दिले. बेकरी बरी चाललीय, म्हणून भाचा आता आपणहून महिना १० हजार व्याज देऊ म्हणतो. सिनेगॉगमधल्या एका जाणत्यांनी सांगितलं, यहुद्याने यहुद्याकडून व्याज घ्यायचं नसतं. "तर घेऊ की नको?" एवढाच प्रश्न.

त्याखाली, जाता जाता लिहिल्यासारखं: "घरातलाच व्यवहार, आणि व्याजाचं लिहिण्यातही दोष, म्हणून काहीच लिहून घेतलेलं नाही. बाकी ४८ लाख आहेत. ओळखीच्या एजंटाने 'यात व्याज नाही, बोनस असतो, तुम्हाला चालेल' म्हणून एक प्लॅन दिला, २ लाखांचा पहिला हप्ता भरला. पॉलिसी हातात येऊन १७ दिवस झाले. भाचा दर शुक्रवारी केक पाठवतो, त्याचे पैसे मात्र घेत नाही."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. नका घेऊ. तोरात, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, व्याजाला 'नेशेख' म्हणतात, म्हणजे चावा. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात देणारा, घेणारा, जामीन, साक्षीदार, इतकंच काय, लिहिणारासुद्धा दोषी. पळवाट आहे, आणि ती रब्बींनीच, म्हणजे धर्मगुरूंनीच, काढलेली आहे: 'हेतेर इस्का'. कर्जाऐवजी धंद्यात भांडवल घातलं असं मांडायचं आणि नफ्याचा वाटा घ्यायचा. इस्राएलमधल्या बँका हाच कागद करून व्यवहार करतात. पण मामा-भाच्यात तो करायचा तर आधी रब्बी हवेत, मग वकील हवा, नाहीतर उद्या भाच्याचे मैदेवाले तुम्हालाच भागीदार समजून दारात उभे राहतील. १२ लाखांसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही. त्यापेक्षा भाचा जे पैसे व्याज म्हणून देऊ करतोय, ते मुद्दल म्हणून घ्या. दहाऐवजी वीस हजार मागा. पाच वर्षांत १२ लाख परत.

यात तुमचं किती जातं? सरासरी ६ लाख रुपये पाच वर्षं बिनव्याजी अडकले, ७ टक्क्यांनी धरा, दोन लाखांच्या आसपास. ही तुमची त्सेदाका, म्हणजे दानधर्म. मैमोनिदीस या मध्ययुगीन यहुदी पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यात सगळ्यात वरची हीच: उसने पैसे, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं. परवडतं का? भाच्याने हप्ते खरंच दिले तर परवडतं. आणि इथेच तुमचा खरा घोटाळा आहे.

व्याजाचं लिहिण्यात दोष आहे, बरोबर. पण मुद्दलाचं *न* लिहिण्यात दोष आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही? तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात 'आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नको' अशी आज्ञा आहे. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, बाबा मेत्झिया या भागात, रव यहुदा हे रब्बी आपल्या गुरूच्या नावाने सांगतात की साक्षीदार न ठेवता पैसे उसने देणारा हीच आज्ञा मोडतो. कारण कागद नसला की घेणाऱ्याला विसरण्याचा मोह होतो, आणि तो मोह त्याच्या वाटेत तुम्ही टाकलेला असतो. म्हणजे भाच्यावर विश्वास दाखवलात असं तुम्हाला वाटतंय, आणि तुमच्याच शास्त्राप्रमाणे तुम्ही त्याच्या पायात धोंडा ठेवलाय.

आता कॅलेंडर बघा. शास्त्राप्रमाणे दर सातवं वर्ष 'शेमिता', म्हणजे सुटकेचं, आणि त्याच्या अखेरीस थकलेली कर्जं माफ होतात. चालू चक्रात ती वेळ सप्टेंबर २०२९ मध्ये येईल. हिल्लेल या जुन्या रब्बीने 'प्रोझबुल' नावाचा कागद काढला तो त्यातून सावकाराला वाचवण्यासाठी. आपला, म्हणजे भारताचा, मुदतीचा कायदा तर सात वर्षंही थांबत नाही. परतीची तारीख न ठरवता दिलेल्या पैशांसाठी, दिल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तुमची पावणेतीन झाली. उरले तीन महिने! भाचा सज्जन असेल, मी नाही म्हणत नाही. पण उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर त्याच्या बायकोला हे १२ लाख कुठून कळणार? आणि तुम्ही नसाल तेव्हा तुमच्या बायकोने कशाच्या जोरावर मागायचे?

या आठवड्यात बसा. स्टँप पेपरवर भाच्याने लिहून द्यायचं: अमुक तारखेला अमुक खात्यातून १२ लाख घेतले, अजून देणं आहे, दरमहा २० हजार देईन. व्याजाचा शब्दही नको. त्याची सही, दोन साक्षीदार. मुदत संपायच्या आत अशी लेखी कबुली मिळाली की सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. हप्ते बँकेतून, रोखीत नाही. वीस हजार किंवा त्यावरची कर्जफेड रोखीत करायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. मागायला संकोच वाटत असेल तर ऐका: ज्याच्याकडे द्यायला नाही हे ठाऊक आहे, त्याच्या समोरूनही सावकाराने जाऊ नये असं तालमुदाच्या त्याच पानावर आहे. पण तुमचा भाचा महिना दहा हजार स्वतःहून देतोय. त्याच्या समोरून खुशाल जा.

आता पॉलिसी. ही वाचून माझं डोकं उठलं. दहा वर्षं २ लाख भरायचे, एक वर्ष थांबायचं, मग दहा वर्षं साडेतीन लाख घ्यायचे. एजंट म्हणाला, "पावणेदोन पट, गॅरंटीड." प्रत्येक रुपया अकरा वर्षांनी पावणेदोन रुपये होतो, म्हणजे सालाला सव्वापाच टक्के. एवढंच. तुमचा शेवटचा हप्ता सत्तरीला जाणार, पगार बंद असताना. ४८ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला साधारण ३ लाख ३५ हजार येतात, खर्च ४ लाख ८० हजार. दीड लाखाची तूट आधीच आहे, त्यात हे दोन लाख. महागाई तर मी मोजलीच नाही.

आणि 'व्याज नाही' हे तुम्हाला ऐकवायची गरज काय होती? बंदी यहुद्या-यहुद्यांमधली आहे. इथल्या बँकेचं, पोस्टाचं व्याज तुम्ही आयुष्यभर घेतलंत, तेव्हा अडलं नाही. तुमची श्रद्धा बघून त्याने माल खपवला. त्याच 'आंधळ्यापुढे अडखळण'वर सिफ्रा या जुन्या टीकेत एक उदाहरण आहे: शेत विकून गाढव घे असा सल्ला द्यायचा, आणि फिरून ते शेत आपणच घ्यायचं. तुमच्या एजंटाचं कमिशन म्हणजे ते शेत.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तुमचे १३ दिवस उरलेत. एजंटाला फोन नको, तो चहाला येईल. थेट कंपनीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. थोडं कापून बाकीचे मिळतील. ते आणि ठेवीतले मिळून ३० लाखांपर्यंत पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. आठ टक्क्यांच्या आसपास आहे. वर्षभराचा खर्च मात्र हाताशी ठेवा.

राहिला केक. कर्जाच्या आधीपासून येत असेल तर खा. कर्जानंतर सुरू झाला असेल तर तेही व्याजातच धरतात का, हे हझानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा, आणि तोवर पैसे देऊन घ्या.