कोपऱ्यातला ‘य’

प्रश्न : रामबागेतलं आमचं जुनं घर पाडायला दिलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जलरंगातली 14 चित्रं निघाली. तुळशीवृंदावन, घंगाळ, नदीकाठच्या छत्र्या. काकासासरे म्हणतात, ही आजोबांचीच, ते ड्रॉइंगचे मास्तर होते. सासूबाईंना मात्र आठवतं की दुपारी सगळं आवरल्यावर आजी रंगवत बसायच्या. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात नुसता ‘य’ आहे. आजोबांचं नाव ‘द’ने सुरू होतं, आजींचं ‘ल’ने. मग हा ‘य’ कोण? चित्रं लॅमिनेट करून ठेवू का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, लॅमिनेशन मुळीच नको. दुकानात दिली असतील तर आजच परत आणा. उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही.

आता ‘य’कडे येऊ. आजींचं माहेरचं नाव कुणाला विचारलंत का? लग्नात नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, की आडनावाबरोबर मुलीचं हाक मारायचं नावही जायचं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी. चित्र काढणाऱ्या बाईचा माग नेमका इथे तुटतो. चित्रकला बहुतेक माहेरीच शिकलेली, त्यामुळे सहीत जुनं नाव राहून जातं.

माझ्या आईने काढलेलं कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचं चित्र आमच्या बैठकीत होतं. पाहुण्यांनी विचारलं की वडील म्हणत, “घरातच केलंय.” तोवर आई आतून चहा घेऊन यायची. ती गेल्यावर मी फ्रेम उतरवून मागची बाजू पाहिली. पेन्सिलीने तिचं माहेरचं पूर्ण नाव लिहिलेलं, त्यावर एक आडवी रेघ आणि खाली सासरचं नाव. दोन्ही तिच्याच अक्षरात. ती रेघ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

नवरा चित्रकार असला तर काय होतं, ते हॉलंडच्या युडिथ लेस्टरकडे पाहून कळतं. बाई 17व्या शतकातली, स्वतःच्या नावावर काम करणारी. नवरा यान मोलेनार, तोही चित्रकार. तो गेल्यावर घरातल्या वस्तूंची यादी झाली, त्यात तिच्या चित्रांपुढे ‘मयताची पत्नी’ अशी नोंद पडली. पुढे तिचं काम त्याच काळातला नामवंत चित्रकार फ्रान्स हाल्स याच्या नावावर खपलं. 1893 मध्ये हाल्सचं मानलेल्या एका चित्रावर तिच्या नावाची जोडाक्षरं आणि चांदणी सापडली, तेव्हा कुठे ती परत आली. तुमचा ‘य’ म्हणजे तशीच चांदणी असू शकते.

इतक्या लांब जायलाही नको. देवयानी जाधव आपल्या इंदूरच्या. इथले चित्रकलेचे शिक्षक देवळालीकर मास्तर यांच्याकडे शिकल्या, मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. लग्नानंतर त्या देवयानी कृष्ण झाल्या, पती कंवल कृष्ण यांच्याबरोबर तिबेट-सिक्कीमकडे हिंडल्या, तिथले मुखवटे चितारले, छापचित्रांत मोठं काम केलं. मी इथे 30 वर्षं चित्रकला शिकवली. बेंद्रे आणि हुसेन ही मास्तरांच्या इतर शिष्यांची नावं मुलं घरून शिकून यायची. देवयानीबाईंचं नाव एकानेही आणलं नाही, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही सांगितलं नाही. त्याची मला आजही खंत आहे.

तुम्ही आधी सगळ्या चित्रांचे पुढून-मागून फोटो काढा. मग एकेक कागद खिडकीच्या उजेडासमोर धरा. व्हॉटमनसारख्या विलायती कागदात कधीकधी कागद करणाऱ्याच्या नावाबरोबर सालही दिसतं. ते कागदाचं साल, चित्र त्यानंतरचं. आजींची लोणच्या-पापडाची वही, पत्रं, दुधाचा हिशोब, जे हाती लागेल त्यातला ‘य’ सहीशेजारी ठेवून पाहा, आजोबांच्या अक्षरातलाही ठेवा. एका अक्षरावर निकाल देऊ नका, पण ‘य’ला गाठ मारायची आजींची सवय दहा ठिकाणी सारखी दिसली तर काकांनाही दिसेल.

तोवर चित्रांना चिकटपट्टी लावू नका, डाग पुसू नका. मध्ये आम्लविरहित कागद घालून ती आडवी ठेवा. पत्र्याच्या पेटीत पावसाळ्यात ओल धरते, आणि कसर लागली की आधी कडा खाते. सही कडेलाच आहे.

आजींच्या भावाची नातवंडं कुठे असतील तर त्यांना फोन करा. ‘तुमच्या घरी आमच्या आजींना काय म्हणत?’ एवढंच विचारा, ‘य’चा उल्लेख तुम्ही आधी करू नका. उत्तर मिळालं की मला लिहा. चित्रं पाहायला मी रामबागेत येईन.