भाच्याला बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर व्हायचंय? मग लवादापासून सुरुवात करू दे

तुमचा भाचा न्यू जर्सीत संख्याशास्त्र शिकतोय, त्याला मेजर लीगमधल्या (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा) एखाद्या संघाचा जनरल मॅनेजर व्हायचंय, आणि तुमची ताई म्हणते की हे निव्वळ खूळ आहे. ताईंचं अगदीच चूक नाही हो. संघ ३०, म्हणजे खुर्च्याही जेमतेम तेवढ्याच. पण रस्ता आहे. वीस वर्षं शिकागोत राहून मला खेळापेक्षा खेळामागच्या कारकुनीचाच जास्त नाद लागलाय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक घोळ मिटवू. बेसबॉलमध्ये मैदानावर डावपेच ठरवतो तो 'मॅनेजर'. 'जनरल मॅनेजर' ऑफिसात बसतो. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, कोणाला किती पैसे द्यायचे, हे त्याचं काम.

भाचा बहुतेक थिओ एप्स्टाइनचं नाव घेत असेल. २००२ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी बॉस्टन रेड सॉक्सचा जनरल मॅनेजर, २००४ मध्ये १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद, आणि २०१६ मध्ये आमच्या शिकागो कब्ज संघाचा १९०८ पासूनचा विजेतेपदाचा दुष्काळ संपवला. त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी झोपलं नाही. पण त्याच्यावरून वयाचा हिशेब मांडू नका. तोही आधी बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाकडे इंटर्न होता, मग सॅन डिएगोत पाड्रेस संघाची नोकरी करता करता त्याने कायद्याची पदवी घेतली.

माझं ऐकाल तर भाच्याला किम अँग यांची वाट दाखवा. (आडनावात इंग्रजी अक्षरं दोनच, उच्चार 'अँग'.) शिकागो विद्यापीठात सॉफ्टबॉल खेळल्या, १९९० मध्ये पदवी घेतली आणि शिकागोच्याच व्हाइट सॉक्स संघाकडे इंटर्न म्हणून लागल्या. तिथे ज्या कामात त्यांनी नाव काढलं ते म्हणजे पगाराचा लवाद.

हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. साधारण तीन वर्षं मेजर लीगमध्ये काढली की खेळाडूला पगारासाठी लवादाकडे जाता येतं. खेळाडू एक आकडा देतो, संघ दुसरा. लवादाने त्यातला एकच उचलायचा, मधला काढायची सोय नाही. आपल्याकडे 'तुझं नाही माझं नाही' म्हणत अर्ध्यात सुटतं, तसं इथे होत नाही. त्यामुळे अवाच्या सवा मागणारा हरतो आणि फार चिकटपणा करणाराही हरतो. सुनावणीत संघाचा माणूस खेळाडूच्या देखत सांगतो की हा अमक्या-तमक्यापेक्षा कसा कमी आहे. आणि पुढच्या महिन्यात सरावाला त्याच खेळाडूचं तोंड बघायचं! १९९५ मध्ये अँग यांनी ॲलेक्स फर्नांडेझ या पिचरविरुद्ध (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा) अशी केस स्वतः मांडली आणि जिंकली. मेजर लीगमध्ये असं करणाऱ्या त्या पहिल्या बाई.

१९९८ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्या न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या सहायक जनरल मॅनेजर झाल्या. १९९९ मध्ये यांकीजचाच खेळाडू डेरेक जीटर लवादाकडे गेला. त्याने ५० लाख डॉलर मागितले, संघ ३२ लाखांवर अडून बसला. जीटर जिंकला. पुढे अँग लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडे गेल्या, मग थेट लीगच्या मुख्यालयात. जनरल मॅनेजरच्या मुलाखती झाल्या, नकार आले. नोव्हेंबर २०२० मध्ये मायामी मार्लिन्सने त्यांना जनरल मॅनेजर केलं, तेव्हा त्या संघाचा सीईओ कोण होता? हाच जीटर. अमेरिकेतल्या पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये या खुर्चीवर आलेल्या त्या पहिल्या महिला. इंटर्न ते जनरल मॅनेजर, ३० वर्षं.

आणि खुर्ची मिळाली म्हणून टिकते असंही नाही. २०२३ च्या जानेवारीत त्यांनी पाब्लो लोपेझ हा चांगला पिचर देऊन लुईस अराएझ या फलंदाजाला आणलं. त्याने .३५४ सरासरीने नॅशनल लीगचं (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) फलंदाजीचं विजेतेपद मिळवलं, आणि ८४ विजय, ७८ पराभवांवर मार्लिन्स प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत गेले. हंगाम संपल्यावर मालकांनी त्यांच्या डोक्यावर आणखी एक साहेब बसवायचं ठरवलं. बाई संघ सोडून गेल्या. मला विचाराल तर बरोबर केलं.

आता भाच्याचं. संख्याशास्त्र आजच्या घडीला चांगलंच भांडवल आहे, प्रत्येक संघात विश्लेषकांची फौज असते. पण तिथे सगळेच आकडेबाज, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर वेगळं उठून दिसणं कठीण. स्पॅनिश शिकू दे, कारण डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाचे खेळाडू ढिगाने आहेत. सुरुवातीच्या पगारात भाडं भागेलच असं नाही, हे ताईंना आधीच सांगून ठेवा. लीग आणि खेळाडू संघटनेतला करार इंटरनेटवर फुकट मिळतो. कंटाळवाणा आहे, तरी वाचायला लावा. मग लवादाची एखादी जुनी केस घेऊन दोन्ही बाजू लिहू दे, दोन दोन पानांत. लिहिलं की मला व्यक्तिगत निरोप पाठवा, मी संघाच्या बाजूने खुसपटं काढतो.