सारखी डिस्कनेक्ट होणारी यूएसबी उपकरणं: फॉरमॅट मारण्याआधी अर्थिंग आणि केबल बघा

नमस्कार. तुम्ही लिहिलेली लक्षणं आधी एका जागी मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सेवा केंद्रातला असेंबल्ड डेस्कटॉप, रायझन प्रोसेसर, विंडोज १०. त्याला बोटांच्या ठशांचा स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, वेबकॅम आणि प्रिंटर. काम चालू असताना मध्येच विंडोजचा 'टुंग' आवाज येतो आणि स्कॅनर किंवा टोकन गायब होतं. कधी आपोआप परत येतं, कधी काढून घालावं लागतं. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारला, तुम्ही नवा स्कॅनर घेतला, फरक शून्य. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: पंख्याचं बटण दाबलं की हे जास्त होतं, आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात.

माझ्या मते तुमचं दुखणं त्या शेवटच्या ओळीत आहे. इतर सगळं मी खाली सांगतो, पण खर्च आणि वेळ आधी तिथे घाला.

ड्रायव्हरवर संशय का नको, ते आधी सांगतो. यूएसबी उपकरण पोर्टात घातलं की ते डेटाच्या एका तारेवर व्होल्टेज चढवून आपण आल्याचं कळवतं. कॉम्प्युटर त्याला रीसेट करतो आणि ओळख विचारतो. उपकरण १८ बाइटची माहिती पाठवतं, त्यात कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक असतो. ते क्रमांक हातात आल्यावरच विंडोज ड्रायव्हर शोधायला लागतं. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं आणि सोबत कोड ४३ दिसत असेल, तर गाडी ड्रायव्हरपर्यंत पोचलेलीच नाही. तिथे ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी उपयोग नाही. बिघाड पोर्ट, केबल, वीज किंवा खुद्द उपकरण यांपैकी कशात तरी आहे.

उलट, 'टुंग' आवाज न येता, स्कॅनर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नीट दिसत असताना आरडी सर्व्हिस (आधारसाठी स्कॅनरचा ठसा पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर) 'नॉट रेडी' म्हणत असेल, तर ते सॉफ्टवेअरचं. तेव्हा सर्व्हिस रीस्टार्ट करा, तिचं ताजं व्हर्जन टाका. तुमच्याकडे आवाज येतोय, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी उपकरण खरोखर निघून जातंय.

आता एक चाचणी, पैसे न लागणारी. कुणाचा तरी लॅपटॉप आणा, चार्जर काढून टाका, आणि फक्त बॅटरीवर स्कॅनर जोडून तास-दोन तास काम करा. प्रिंटर जोडू नका. इथे एकदाही तुटला नाही, तर स्कॅनर निर्दोष आहे, जुनासुद्धा. तो टाकून दिला नसेल तर जपून ठेवा. लॅपटॉपवरही तुटला, तर पुढचं निम्मं वाचायची गरज नाही. स्कॅनरची केबल जिथे त्याच्या पोटात शिरते तिथे वाकवून बघा. रोज गुंडाळून ठेवलेल्या स्कॅनरची तार बहुतेक वेळा नेमकी तिथेच आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

अर्थिंगकडे येऊ. डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, शिरतानाच एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून बॉडीला एक आणि न्यूट्रलपासून बॉडीला एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात. लाइनमधला कचरा, म्हणजे झटके, ठिणग्या, मोटरचा आवाज, बॉडीवरून अर्थमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थ जोडलेला असेल तर सगळं गुपचूप जमिनीत जातं. अर्थ नसेल तर हेच दोन कपॅसिटर बॉडीला फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लटकवतात, म्हणजे कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. करंट फार थोडा असतो, सहसा एक मिलिअँपिअरच्याही आत, म्हणून झटका न बसता झिणझिण्या येतात. निऑनचा साधा टेस्टर कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला लावून बघा, मंद लागेल.

हे नुसतं हाताला जाणवून थांबत नाही. यूएसबी केबलची ग्राउंडची तार आणि बाहेरची जाळी दोन्ही त्या बॉडीला जोडलेल्या असतात. प्रिंटर दुसऱ्या बोर्डवर असेल, त्याची पिन वेगळी असेल, तर दोन्ही मशीनच्या बॉडीतला फरक यूएसबी केबलमधून वाहतो. त्यात तुम्ही पंख्याचं बटण दाबता. पंखा म्हणजे कॉइल, जुनी चोकची ट्यूबही तशीच. बटण सुटताना तिथे ठिणगी पडते आणि लाइनमध्ये झटका उठतो. एसएमपीएसचा फिल्टर तो बॉडीवर ढकलतो, बॉडीला जमीन सापडत नाही, आणि झटका यूएसबीच्या तारांमधून वाट काढतो. यूएसबीचा डेटा साध्या वेगाला ३.३ व्होल्टवर आणि ४८० मेगाबिटच्या वेगाला अर्ध्या व्होल्टच्याही आत चालतो. इतक्या नाजूक सिग्नलवर असा तडाखा बसला की उपकरण रीसेट होणारच. ग्राहक स्कॅनरच्या काचेवर बोट ठेवतो तेव्हा तोही या वाटेचा भाग होतो, पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभा असेल तर जास्तच.

म्हणून वायरमनला बोलवा आणि समोर उभं राहून तीन रीडिंग घ्यायला लावा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पण डिजिटल मीटर तुटलेल्या अर्थवरही फसवं व्होल्टेज दाखवतो, तेव्हा १०० वॉटचा बल्ब होल्डरसकट फेज आणि अर्थमध्ये लावून बघायला सांगा. लख्ख पेटला तर अर्थ ठीक. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर अर्थ नावापुरतं आहे. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलेली असेल आणि बल्ब लावताच ती पडली, तरी अर्थची वाट शाबूत आहे असाच अर्थ होतो. हे काम मीटर हाताळायची सवय असलेल्या माणसानेच करावं.

इथे हात जोडून एक सांगतो. काही वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थच्या पिनमध्ये तारेचा तुकडा टाकतात. झिणझिण्या लगेच थांबतात, रीडिंगही छान येतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर तुमच्या कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि तुमच्या केंद्रात दिवसभर लोक त्या टेबलाला टेकून उभे असतात. कुणी असं करू लागलं तर थांबवा. नळाच्या पाइपला अर्थ जोडणंही तसंच नको, पाइप मध्येच प्लास्टिकचा असतो. बाहेर नीट खड्डा घेऊन पाइप किंवा प्लेट पुरायची, तिथून तार बोर्डापर्यंत आणायची, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यायची. भाड्याची जागा असेल तर मालकाशी बोला, हा खर्च दुकानासाठी नाही, माणसांसाठी आहे.

अर्थ झाल्यावर कॉम्प्युटर, मॉनिटर आणि प्रिंटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. बोर्ड तीन तारांचा असल्याची खात्री करा, बाजारात तीन पिनची भोकं आणि आत दोनच तारा असलेले बोर्ड सर्रास मिळतात. यूपीएस असेल तर लक्षात ठेवा, तो अर्थ बनवत नाही, भिंतीतला पुढे देतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर नको, तो भिंतीतल्या सॉकेटवरच, तापताना खूप ओढतो.

दुसरा संशयित केबल. तुम्ही लिहिलंय की स्कॅनर काउंटरच्या पलीकडे पोचावा म्हणून एक्स्टेंशन केबल लावलीय, आणि ती पुढच्या पोर्टात आहे. केबलवर बारीक अक्षरांत छापलेलं वाचा. '२८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी' असं काहीतरी असतं. पहिला आकडा डेटाच्या जोडीचा, दुसरा विजेच्या दोन तारांचा, आणि आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. विजेची तारही २८ ची असेल तर तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. २ मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन ४ मीटर तार, ०.८५ ओहम. त्यातून ५०० मिलिअँपिअर गेले की वाटेतच ०.४ व्होल्टपेक्षा जास्त गळतात. त्याला ३ मीटरचं एक्स्टेंशन जोडलं की गळती १ व्होल्टच्या वर, म्हणजे ५ व्होल्टमधले ४ सुद्धा धडपणे पोचत नाहीत. तुमचा स्कॅनर कदाचित एवढा ओढत नसेल, पण बोट ठेवल्यावर आतला दिवा लागतो तो क्षण महत्त्वाचा. ठसा घेतानाच तुटतो, एरवी तासभर टिकतो, असं असेल तर केबलच पकडा. मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो, स्वस्त असतो. तो स्कॅनरच्या टोकाला लावून दिवा लागताना आकडा किती खाली जातो ते बघा. ४.७५ च्या वर राहिला तर निश्चिंत.

पुढचे पोर्ट मुळातच कच्चे. कॅबिनेटमधून मदरबोर्डपर्यंत बारीक तार जाते आणि पिनवर नुसती खोचलेली असते. असेंबल्ड मशीनच्या स्वस्त कॅबिनेटमध्ये ती हमखास ढिली. स्कॅनर आणि टोकन मागे, थेट मदरबोर्डवरच्या काळ्या पोर्टात लावा. निळे पोर्ट ३.० चे, त्यात घातलं म्हणून बिघडतं असं नाही, पण जुनी उपकरणं काळ्यात शांत राहतात. कोकणातल्या किंवा समुद्राजवळच्या लोकांनी पोर्टात टॉर्च मारून बघावं, खाऱ्या हवेने पत्र्यांवर हिरवट थर चढतो. मशीन बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिनने खरवडू नका.

हब वापरत असाल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. बिनअडॅप्टरचा हब २.० च्या पोर्टाकडून एकूण ५०० मिलिअँपिअर घेतो आणि तेवढ्यात स्वतःसह सगळ्यांना भागवतो. मात्र अडॅप्टरचे काही स्वस्त हब उलटी वीज कॉम्प्युटरमध्ये सोडतात. कॉम्प्युटर भिंतीतून बंद केल्यावरही आत एखादा दिवा मिणमिणत राहिला तर तो हब काढून टाका.

विंडोजमध्ये करण्यासारखं थोडंच आहे, पण ते कराच. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची परवानगी काढा. दोन माणसांच्या मधल्या वेळात स्कॅनर झोपतो आणि उठत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच. मग तिथेच व्ह्यूमध्ये 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा. कोणतं उपकरण कोणत्या कंट्रोलरखाली आहे ते दिसेल. स्कॅनर आणि टोकन एकाच वेळी जात असतील आणि दोन्ही एकाच हबखाली असतील, तर दोष त्यांच्यात नसून त्या हबमध्ये किंवा त्याच्या विजेत आहे.

आणखी एक, बरेच जण फसतात ते. 'शटडाउन करून चालू केलं तरी स्कॅनर अडकलेलाच' असं होतं, कारण शटडाउननंतरही अनेक मदरबोर्ड पोर्टांना ५ व्होल्ट देतच राहतात, आणि फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजही अर्धवट झोपलेलंच असतं. भिंतीतलं बटण बंद करा, कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मग चालू करा. उपकरणाची वीज तेव्हा खऱ्या अर्थाने जाते.

तुमचं रायझन आहे पण मदरबोर्ड कोणता ते लिहिलं नाहीत. बी५५० किंवा एक्स५७० असेल तर बायोसचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचं, व्हर्जन बघा. ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी अधूनमधून तुटतं हे एएमडीने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वतः मान्य केलं आणि एप्रिलपासून एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.२ मधून दुरुस्ती दिली. त्याआधीचं बायोस असेल तर अपडेट करा, पण चार्ज असलेल्या यूपीएसवरच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड बसेल.

वायरलेस माऊस अडखळतो म्हणालात, त्याचा या सगळ्याशी संबंध नसावा. शेजारी निळ्या पोर्टात ३.० ची हार्ड डिस्क आहे ना? ३.० चा डेटा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं, आणि माऊसचा डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. डोंगल हातभर एक्स्टेंशनवर दूर टेबलावर आणा.

क्रम असा ठेवा: आजच स्कॅनर मागच्या पोर्टात, एक्स्टेंशन काढून. एवढा एकच बदल, आणि पूर्ण दिवस बघा. उद्या सस्पेंडची सेटिंग. वायरमन येईल तेव्हा अर्थिंग. सगळं एकदम बदललंत तर बरं कशाने झालं ते कळणार नाही, आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागेल तेव्हा ते कळलेलं असणं फार गरजेचं आहे. आधीच झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यात स्कॅनर तुटला की म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला पुन्हा हेलपाटा पडतो. वायरमनची तीन रीडिंग, बल्ब कसा पेटला ते, आणि मदरबोर्डाचं मॉडेल लिहून पाठवा. अर्थ ठणठणीत निघालं तर पुढचा संशय एसएमपीएसवर आहे, आणि त्याचं ५ व्होल्टचं माप कसं घ्यायचं ते मी तेव्हा लिहितो.